बर्ड्स नेस्ट फर्नच्या घरट्यात पाणी घालावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार अशी: जंगलात पाऊस या फर्नच्या घरट्यातच, म्हणजे पानांच्या मधल्या वाटीसारख्या भागातच पडतो, मग माझ्या आधीच्या लेखातला ‘मधोमध पाणी घालू नका’ हा सल्ला चुकीचा आहे. शिवाय पानांमागे तपकिरी कीड पडली, साबणाच्या पाण्याने पुसूनही जात नाही.

पावसाचं म्हणणं खरं आहे. जंगलात हे नेचं झाडाच्या फांदीवर वाढतं. घरट्यात पडलेला पालापाचोळा कुजून त्याचं खत होतं, पाणी मुळांच्या स्पंजासारख्या गड्ड्यात मुरतं आणि वरचा भाग वाऱ्याने सुकतो. खोलीत तसा वारा नसतो. मधल्या तपकिरी लवेत पाणी साचून राहतं आणि गुंडाळी न सुटलेली कोवळी पानं बुडाशी काळी पडतात. नवी पानं फक्त तिथूनच येतात, म्हणून तो गाभा कुजला की झाड सहसा वाचत नाही. बागेत सावलीला झाडाच्या खोडावर बांधलेलं असेल, तर पाऊस खुशाल मधे पडू द्या.

त्या लेखात ‘माती ओली ठेवा’ हे मात्र मी चुकीचं लिहिलं. ‘दमट’ म्हणायला हवं होतं. वरचा 2 सेंमी थर सुकला की कुंडीच्या कडेने पाणी घाला आणि ताटलीत उतरलेलं ओतून टाका. नुसती बागेची माती नको, ती घट्ट बसते. 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 भाग झाडाच्या सालीचे तुकडे, 1 भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) घ्या. खत अर्ध्या मात्रेत द्या. खतातले क्षार मातीत साचले तरी पानांची टोकं करपतात. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. 10 अंशांखालची थंडी तर अजिबात नको.

आता ‘कीड’. पान उलटं धरून बघा. मधल्या शिरेपासून कडेकडे तिरक्या जाणाऱ्या, एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावरच्या रेघा असतील, तर ते बीजाणू आहेत, म्हणजे नेच्यात बियांचं काम करणारे बारीक कण. पूर्ण वाढलेल्या पानावर ते येणं स्वाभाविक आहे. खवले कीड अशी रांगेत बसत नाही. तिचे फुगीर ठिपके कुठेही विखुरलेले असतात, नखाने खरवडले की सुटतात आणि अनेकदा पान चिकट लागतं. तशी खूण असेल तरच ओल्या कापसाने पुसा. रेघा असतील तर साबण आजपासून बंद करा.