बोटीवरच्या मुलांपासून घरची बातमी लपवू नका

ज्यांची मुलं-मुली मर्चंट नेव्हीत आहेत अशा पुण्यातल्या सगळ्या आईबाबांना माझी एक कळकळीची विनंती आहे. घरी काही वाईट घडलं, कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, तर ते बोटीवरच्या मुलाला सांगा. "तिकडे समुद्रात त्याच्या डोक्याला ताप कशाला" म्हणून गप्प बसू नका.

हे लिहायला कारण घडलं. सिंहगड रस्त्यावर आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे. मुलगा इंजिनियर, बोटीवर. तो तिकडे असताना त्याची आजी गेली. घरात मोठ्यांनी बसून ठरवलं, की साईन ऑफ होईपर्यंत, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून तो बोटीवरून उतरेपर्यंत, त्याला कळू द्यायचं नाही. मग प्रत्येक फोनला "आजी आत्ताच झोपलीय", "आजी आत्याकडे गेलीय". लहानपणापासून ज्या आजीच्या कुशीत झोपला तिची चौकशी तो करत राहिला आणि घरचे त्याला उत्तरं देत राहिले. मुंबई विमानतळावर घ्यायला गेलेल्या काकांनी गाडीत, एक्स्प्रेस वेला लागल्यावर, त्याला सांगितलं.

परवा तो मला भेटला तेव्हा आजीबद्दल फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "काका, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला आई फोनवर म्हणाली की सगळं ठीक आहे, तर मी ते खरं कसं मानू?"

त्या घरातल्या कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. प्रेमापोटीच केलं सगळं. पण त्या प्रेमाने मुलाचा घरच्या शब्दावरचा भरवसा गेला, आणि हजारो मैल लांब असलेल्या माणसाकडे घराचा शब्द सोडून दुसरं असतं काय?

आमची लेक टँकरवर, म्हणजे तेलासारखा द्रव माल नेणाऱ्या जहाजावर, थर्ड ऑफिसर आहे. पुण्याला समुद्र नाही, पण तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मॅरिटाईम इन्स्टिट्यूट आहे, लोणी काळभोरला मॅनेट आहे, दोन्हीकडे बोटीवरच्या नोकरीचं शिक्षण मिळतं, आणि कोथरूड-कर्वेनगरापासून चिंचवडपर्यंत बोटीवर जाणारी मुलं आता घराघरांत सापडतात. मुलीही जायला लागल्यात. आमच्या घराण्यात आधी कोणी बोटीवर गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्या पहिल्या जॉईनिंगच्या आधी आम्ही तिघं बसलो आणि एक गोष्ट पक्की केली: तिने आमच्यापासून काही लपवायचं नाही आणि आम्ही तिच्यापासून. घरातलं कोणी दवाखान्यात गेलं तर ते तिला त्याच दिवशी कळेल. सांगायची वेळ मात्र आम्ही बघून ठरवू.

वेळ बघून म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो, कारण इथे बरेच आईबाप गोंधळतात. थर्ड ऑफिसरचा वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, सहसा सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा असतो. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभं राहून अख्ख्या जहाजाची जबाबदारी त्या चार तासांत तिच्यावर असते. त्या वॉचला निघण्याच्या तोंडावर "बाबांना ॲडमिट केलंय" एवढाच मेसेज पाठवून मोकळं होणं धोक्याचं आहे. वॉच संपवून, जेवून ती केबिनमध्ये गेली की सांगायचं. त्यासाठी आपल्याला बोटीचं घड्याळ माहीत हवं. अटलांटिकमध्ये घड्याळ ग्रिनिचच्या तीन तास मागे असेल तर तिचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हवाईच्या बाजूला असेल तर तेच बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. बोट पूर्व-पश्चिम चालत असते तेव्हा हे घड्याळ दर थोड्या दिवसांनी तासाने पुढे-मागे होतं. आमच्याकडे ते तिच्या आईने अंगवळणी पाडून घेतलंय. लेक घड्याळ बदललं की एक ओळ टाकते, आणि ही फ्रिजवरचा कागद बदलते.

मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ती ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होती. हिने तिचा वॉच संपेपर्यंत थांबून मेसेज केला. काय झालं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, आता बाबा कुठे आहेत, जवळ कोण आहे, पुढचा मेसेज किती वाजता येईल, सगळं त्यात लिहिलं होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. अर्धवट बातमी देऊन आपण धावपळीत गायब झालो, तर तिकडे त्या पोरीने रात्र कशी काढायची? ती कॅप्टनशी बोलली. कॅप्टनने तिला सांगितलं की घरी जायचं असेल तर पुढच्या पोर्टवरून आपण प्रयत्न करू. तिने माझ्याशी, मग डॉक्टरांशी बोलून थांबायचं ठरवलं. ती आली असती तरी मला आनंद झाला असता, थांबली याचाही अभिमान वाटला. ठरवलं तिने, कारण तिच्याकडे पूर्ण माहिती होती.

खूप जणांना वाटतं की सांगून उपयोग काय, त्याला थोडंच येता येणार आहे! असं नाही. 2006 चं मॅरिटाईम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला बोटीवरची मुलं एमएलसी म्हणतात, ते भारताने 2015 मध्ये स्वीकारलं. घरच्या गंभीर अडचणीमुळे कॉन्ट्रॅक्ट मधेच संपवावं लागलं तर नोटीस कमी किंवा नसली तरी चालावी आणि दंड होऊ नये, याचा विचार त्यात आहे. भर समुद्रातून कोणाला उतरता येत नाही, पुढचं पोर्ट लागतं, व्हिसा लागतो, बदली माणूस लागतो, हे खरं. कधीकधी अंत्यदर्शन नाहीच होत. पण यायचं की नाही हा निर्णय त्या मुलाचा आहे. आपण बातमी दाबतो तेव्हा तो निर्णयही त्याच्या हातातून काढून घेतो. पंचविशी ओलांडलेली ही मुलं वादळात जहाज सांभाळतात. त्यांना घरातलं दुःख पेलणार नाही असं आपण का धरून चालतो?

आता संपर्काच्या सोयीबद्दल. आधीच्या पिढीतल्या खलाशांच्या घरचं पत्र कंपनीच्या एजंटमार्फत पोर्टवर जायचं, मग सॅटेलाईट फोनची महागडी कार्डं आली. आता कमी उंचीवरच्या उपग्रहांमुळे भर समुद्रातून व्हिडिओ कॉल होतो. एमएलसीमध्ये 2022 साली झालेल्या सुधारणा 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या, आणि त्यात बोटीवरच्या माणसांना घरच्यांशी जोडलेलं राहता यावं यासाठी इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आला. पैसे घेतले तर ते वाजवी असावेत असंही त्यात म्हटलंय. तरीसुद्धा सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. काही बोटींवर अजून महिन्याचा डेटा मोजून मिळतो. म्हणून माझं सांगणं आहे, की कंपनी निवडताना पगाराबरोबर "बोटीवर नेट कसं आहे, किती आहे, कितीला आहे" हे मुलांनी मोकळेपणाने विचारावं. ते विचारण्यात कमीपणा नाही.

पण नेट आलं तसा आपला धीरही कमी झालाय. ब्ल्यू टिक दिसली आणि उत्तर नाही, की घरात घालमेल सुरू. टँकरच्या डेकवर साधा मोबाईल नेताच येत नाही, ठिणगीचा धोका असतो. वॉचवर फोन बघायचा नसतो. आणि पोर्टला लागली म्हणजे आता निवांत असेल, हा तर मोठाच गैरसमज आहे. टँकर पोर्टला असतो तेव्हाच सगळ्यात जास्त काम असतं. कार्गो चालू, तपासणीला येणारी माणसं, सहा तास काम आणि सहा तास आराम असं चक्र. नियमाने 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायला हवी. त्या दहा तासांत तिने झोपायचं की आपल्याशी बोलायचं? तिने झोपावं असं मला मनापासून वाटतं.

व्हॉईस नोट हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. तिची आई रोज एक पाठवते. त्यात विशेष काही नसतं. मंडईत तोंडली काय भावाने मिळाली, समोरच्या वाड्याच्या जागी इमारतीचा कितवा मजला चढला, शेजारच्या वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन, मागे कुकरची शिट्टी. लेक म्हणते, मला हेच हवं असतं, रात्री वॉचवरून आल्यावर मी तेच ऐकते. उत्तर तीन दिवसांनी आलं तरी चालतं. आपला दिवस तिच्यापर्यंत पोचला, यात सगळं आलं.

तिला नको असतो तो एकच प्रश्न: "कधी येणार?" नातेवाईक तर नमस्कारानंतर लगेच तेच विचारतात. साईन ऑफची तारीख तिच्या हातात नसते. रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, मिळायला हवा, बोट सोयीच्या पोर्टला यायला हवी, ऐन वेळी चार्टर, म्हणजे बोट भाड्याने देण्याचा करार, बदलतं आणि बोट भलतीकडे वळते. कोविडच्या काळात जगभरात सुमारे चार लाख लोक कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटींवर अडकले होते, चीनजवळ नांगर टाकून थांबलेल्या 'जग आनंद'वरचे आपले 23 जण कित्येक महिने उतरू शकले नव्हते. त्या घरांमध्ये "कधी येणार" या प्रश्नाने काय होत असेल, विचार करा.

लपवू नका हा नियम मुलांनाही लागू आहे, आणि तांबड्या समुद्राच्या काळात आमची त्यात कसोटी लागली. नोव्हेंबर 2023 पासून तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले. पुढे आंतरराष्ट्रीय युनियन आणि मालकांच्या कराराखाली तिथला भाग युद्धसदृश धोक्याचा ठरवला गेला. त्या करारातल्या जहाजांवरच्या माणसाला तिथे जायला नकार देता येतो, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं, आणि गेलाच तर जास्तीचा भत्ता आणि दुप्पट भरपाईची तरतूद असते. लेकीने हे सगळं आम्हाला आधी सांगितलं, कागद पाठवले, आणि मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आम्ही म्हणालो, नको जाऊस. ती म्हणाली, तुमचं ऐकलं, आता माझं मी ठरवते. शेवटी तिची बोट केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली, प्रवास लांबला, आम्हाला हायसं वाटलं. पण समजा तिने जायचं ठरवलं असतं तरी आम्हाला ते तिच्याकडून कळलं असतं, टीव्हीवरून नाही.

टीव्हीचं नाव निघालंच म्हणून सांगतो. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरमध्ये 'डाली' जहाज पुलावर आदळलं तेव्हा त्यावरच्या 21 कर्मचाऱ्यांपैकी 20 भारतीय होते. पुढे तपासासाठी त्यांचे मोबाईल काढून घेतले गेले आणि घरच्यांशी बोलणं अवघड होऊन बसलं. अशा वेळी कामी येतो तो कागद. बोटीचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर (नाव बदललं तरी तो बदलत नाही), मॅनिंग एजंट (बोटीवर माणसं भरती करणारा) आणि कंपनीच्या किनाऱ्यावरच्या जबाबदार अधिकाऱ्याचा, म्हणजे डीपीएचा फोन, डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या चोवीस तास चालणाऱ्या केंद्राचा फोन. हे प्रत्येक घरात भिंतीवर लावलेलं असावं आणि आईबाप दोघांनाही माहीत असावं. सीफेअररहेल्प ही मोफत हेल्पलाईनही चोवीस तास असते, तिथे हिंदीत बोलता येतं आणि घरच्या माणसांनाही फोन करता येतो.

नकाशावर बोट बघायची ॲप्स सगळ्यांच्याच फोनमध्ये आहेत. बघा, जरूर बघा. पण किनाऱ्यापासून लांब गेली की फुकटच्या ॲपवर बोट दिसेनाशी होते, आणि धोक्याच्या भागात कॅप्टन मुद्दाम सिग्नल बंद करू शकतो. ठिपका नाहीसा झाला म्हणजे बोट बुडाली नाही. आणि कृपा करून बोटीचं नाव, ती कुठून कुठे चाललीय, पोर्टला कधी लागणार, हे फेसबुकवर टाकू नका. कौतुक खूप असतं, मला कळतं. साईन ऑफ झाल्यावर फोटो टाका. नौदलातल्या मुलांच्या आईबापांकडून हे शिकण्यासारखं आहे. पाणबुडीवरच्या मुलाचा आवाज त्यांना कित्येक आठवडे ऐकू येत नाही आणि तो कुठे आहे हे ते कोणाला विचारतही नाहीत.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी आत्ता अशी एखादी न सांगितलेली बातमी असेल तर आज त्याचा वॉच कधी संपतो ते बघा. मेसेज कसा लिहायचा हे सुचत नसेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, आपण मिळून लिहू. आणि ज्यांची मुलं यंदा पहिल्यांदा जॉईन होतायत त्यांनी कर्वेनगरात आमच्याकडे चहाला या. फ्रिजवरच्या त्या कागदाचा नमुना हिने झेरॉक्स करून ठेवलाय.