रेडिओ ही केवळ आठवण नव्हे

‘कोल्हापुरात मिसळ आणि तांबडा-पांढरा टिकला, रेडिओ मात्र आठवणीपुरता उरला’ हे कोल्हापूरविषयीच्या एका लेखातील विधान मला मान्य नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा आमच्या भागात वीज नव्हती आणि मोबाईल बंद पडले होते. त्या दिवसांत सासऱ्यांचा सेलवर चालणारा जुना रेडिओ आम्ही दारातल्या कट्ट्यावर ठेवला होता आणि पाणी किती चढले, कोणता रस्ता बंद झाला, हे ऐकायला सारी गल्ली भोवती जमत असे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील कुटुंबांसाठी घरोघरी भाकरी थापून तालमीत जमा करण्याचे कामही त्याच कट्ट्यावर ठरले.

गंगावेशीतील दूध कट्ट्याचे लेखकाने केलेले वर्णन सुरेख आहे, धारोष्ण दुधाचा तो फेस डोळ्यांसमोर उभा राहिला. परंतु सांगली आकाशवाणीचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. १९६३ पासून आमच्या घरातील सकाळची चूल त्याच केंद्राच्या आवाजावर पेटत आली, आणि सासूबाई आजही भाकरी थापताना रेडिओ लावतात.