अख्खं जग नको, एक वाडा पुरे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळात पहिल्यांदा गेम मास्टर (म्हणजे गोष्ट चालवणारा) होणाऱ्याने आधी सगळे नियम पाठ करावेत आणि नकाशांसकट अख्खं जग तयार ठेवावं, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. मी तेच केलं होतं. दादरच्या घरी मावसभावंडं आणि दोन मैत्रिणी जमल्या, हातात महिनाभर लिहिलेली वही, आणि खेळ अडला तो एका किल्लीपाशी. ती सापडायला फाशावर १५ किंवा जास्त हवे होते आणि फासा कुणालाच साथ देईना. पाऊण तास सगळे त्याच खोलीत!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत १५ म्हणजे 'मध्यम' अवघड. पण वीस पैलूंच्या फाशावर, पडलेल्या आकड्यात वरून काही मिळवायचं नसेल, तर १५ किंवा जास्त पडण्याची शक्यता फक्त ३० टक्के. १० ठेवलं तर ५५. हे गणित नवख्यांना कुणी आधी सांगत नाही. म्हणून ज्यावाचून गोष्ट पुढे जाणारच नाही, ते फाशावर सोडू नका, सरळ देऊन टाका. चुकलं तरी काहीतरी घडेल अशाच वेळी फासा टाकायला सांगा.

मूलभूत नियम इंटरनेटवर फुकट आहेत, सुरुवातीला तेवढे बास. पात्रं तयार घ्या.

आणि मराठीत खेळा. माझी एक मावसबहीण इंग्रजीत गप्प बसायची. पुढच्या खेळात कोकणातला एक बंद वाडा घेतला, तर दारावरच्या राखणदाराशी तीच तावातावाने भांडत होती. शेवटची लोकल चुकेल म्हणून कसंबसं उठवलं सगळ्यांना.