कॉलेजची तीन वर्षे खरोखर वाया जातात काय?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा : निरक्षरांपेक्षा पदवीधर अधिक बेकार आहेत, शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लागलेला मुलगा कॉलेजवाल्याच्या पुढे जातो, मुलीच्या कॉलेजवर घातलेला पैसा सासरी जातो, आणि मोठी माणसे तर कॉलेजात गेलीच नव्हती.

पहिले विधान आकड्यांनुसार खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक फसवते. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात (रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीत) पदवीधरांमधील बेरोजगारी 13.4 टक्के होती, तर निरक्षरांमधील एक टक्काही नव्हती. परंतु घरच्या शेतात बिनपगारी राबणारा माणूसही या सर्वेक्षणात रोजगार असलेलाच धरला जातो. शिवाय निरक्षर बहुतांशी उतारवयातले आणि पदवीधर बहुतांशी तरुण असल्यामुळे ही तुलना शिक्षणाइतकीच वयाचीही होते. ज्याच्या घरी आजची मजुरी आली नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. पदवीधर मात्र बऱ्या नोकरीची वाट पाहत काही काळ तरी थांबू शकतो. ही वाट कधीकधी फार लांबते, आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे सरतात, हे दुःख खरे आहे; पण ते नोकऱ्यांच्या टंचाईचे आहे. ती टंचाई शिक्षण सोडणाऱ्यालाही चुकत नाही, फक्त त्याच्या बाबतीत ती अपुऱ्या मजुरीच्या रूपाने येते आणि बेरोजगारीच्या रकान्यात दिसत नाही.

फौंड्रीतला मुलगा पहिली तीन वर्षे पुढे असतो, हे मान्य. मजकूर नेमका तिथेच हिशेब थांबवतो. देशभरात नियमित पगाराच्या नोकरीतले प्रमाण पदवीधरांमध्ये कितीतरी अधिक आहे, आणि साचे भरणाऱ्या कंत्राटी मोल्डरला पन्नाशीतही तेच ओझे उचलावे लागते. हा मुलगा आयटीआय झालेला असेल, तर तोही शिकूनच कामाला लागला आहे.

सासरी गेलेला पैसा वाया जात नाही, एवढे तरी लिहिणाऱ्याने नकळत कबूल केले आहे. आईच्या शिक्षणाचा उपयोग तिच्या मुलांना होतोच. 2021-22 मध्ये देशातील उच्च शिक्षणाचे सकल नोंदणी प्रमाण (18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत प्रवेश घेतलेल्यांचे प्रमाण) मुलींमध्ये 28.5 टक्के, म्हणजे मुलांपेक्षा किंचित जास्तच होते. पालकांनी आपले उत्तर केव्हाच दिले आहे.

राहिली मोठी माणसे. भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते, हे उदाहरण या मजकुराला शोभले असते. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या या माणसाने 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, आणि फी परवडत नसलेल्या खेड्यातल्या मुलांनी अंगमेहनत करून तिथे पदवी घ्यावी, अशी सोय केली.