दोष कुवतीचा नव्हे, मुदतीचा

मणिपूरच्या हिंसाचारावरील लेख वाचला. तेथे पोलीस महासंचालक बदलूनही परिस्थिती सावरली नाही, याचे खापर लेखकांनी अधिकाऱ्यांच्या कुवतीवर फोडले आहे, ते पटले नाही. ३ मे २०२३ रोजी हिंसाचार उसळला, लगोलग बाहेरून सुरक्षा सल्लागार नेमले गेले आणि १ जूनला त्रिपुरा केडरचे, म्हणजे दुसऱ्याच राज्याच्या सेवेतील, राजीव सिंह महासंचालक झाले. अशा वेळी खालच्या फौजदाराने आदेश नेमका कोणाचा मानायचा? पोलीसप्रमुखांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच बजावले होते. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.

माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यात हवालदार होते. पावसाळी बंदीत मासेमारी करणारी एका वजनदार नौकामालकाची नौका अडवणाऱ्या त्यांच्या साहेबांची बदली गणपतीआधीच झाली, आणि त्यानंतर ठाणे अंमलदार गुन्हा नोंदवण्यापूर्वी टेबलावरच्या फोनकडे पाहत थांबू लागले. ही आमच्या शांत किनाऱ्यावरची गोष्ट; मणिपुरात तर पोलिसांची शस्त्रागारेच लुटली गेली होती.