टनावर घेतलेला रस्ता

नॉर्थ कॅरोलायनात गावापासून जरा आत घर घेतलं की दारापासून सरकारी रस्त्यापर्यंतची वाट आपली आपणच करायची. माती लाल आणि चिकट. पाऊस पडला की आमची गाडी गॅरेजकडे जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या मक्याकडे सरके. काँक्रीटचा खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो, गरम डांबराचा ऐकून आणखी गप्प. मग कुणीतरी 'मिलिंग्ज' सुचवलं. हायवेचा जुना थर यंत्राने खरवडतात, त्याचा हा चुरा. बराचसा नव्या डांबरात मिसळतात, बाकीचा टनावर विकतात.

नेमके बाबा तेव्हा इथे आलेले. उभी हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलेली.

"म्हणजे लोकांनी वापरून टाकलेला रस्ता तू विकत घेतोयस?"

"रिसायकल्ड आहे, बाबा."

"आमच्याकडे तो पहिल्या पावसात फुकट निघतो."

खणण्याआधी इथे ८११ ला फोन करायचा. माणसं येऊन जमिनीखाली काय आहे ते वर रंगवून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, फोन नारिंगी. फुकट. बाबा चहाचा कप घेऊन प्रत्येक रेघेवरून चालून आले. "आमच्याकडे हे जेसीबी लागल्यावर कळायचं," म्हणाले. आवाजात थोडा हेवा होता, असं मला वाटलं.

मागच्या फाळक्याला साखळ्या लावून, हौदा वर उचलून ट्रक हळूहळू पुढे न्यायचा, म्हणजे चुरा आपोआप पसरत जातो, असं ठरलं होतं. ड्रायव्हरने वरच्या विजेच्या तारा पाहिल्या, मान हलवली, आणि अठराच्या अठरा टन वाटेच्या तोंडाशी ओतून निघून गेला. दोन्ही गाड्या आत. हिची साडेनऊची मीटिंग बाहेर. ही त्या ढिगावरून पर्स सांभाळत, ऑफिसचे बूट हातात घेऊन, एक शब्दही न बोलता उतरली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी फावडं उचलल्यावर मात्र बाबांना राहवेना. टोपी आली, दोरी आली. "मधे उंच ठेव, कडेला उतार दे. कॅम्बर, कॅम्बर!" सकाळी रोलर सुरू करायला गेलो तर चावी त्यांच्या खिशात. चुऱ्यात जुनं डांबर असतं जेमतेम पाचेक टक्के, ते उन्हाने मऊ झालं तरच धरतं, म्हणून रोलर दुपारीच. ऑगस्टच्या भर दुपारी रोलरवर मी आणि झाडाखाली बांधकाम खातं. शेजारी चौकशीला आला, त्याला बाबांनी स्वच्छ मराठीत टेंडर काढायला सांगितलं. तो 'थँक यू' म्हणून गेला.

काम झाल्यावर बाबांनी टेप आणि वही काढली. "तीन इंच म्हणालास, इथे अडीच भरतोय. बिल पास होणार नाही."

आता ते पुण्याला परतलेत. इथे पाऊस पडला की तिकडून फोन येतो: पाणी साचलं का, फोटो पाठव, फोटोत टेप दिसला पाहिजे. काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा 'दोष दायित्व कालावधी' तीन वर्षांचा आहे म्हणे.