टीबीची औषधं सगळ्यांना फुकट आहेत, कार्ड असो वा नसो

आमच्या डिचोलीच्या ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय की सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं आता फक्त गोंयकारांनाच (गोव्याच्या लोकांनाच), दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) नसेल तर पैसे भरा. हे खोटं आहे, प्लीज फॉरवर्ड करू नका. गोंधळ कुठून झाला ते कळतं, 2018 पासून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) गोव्याबाहेरच्या पेशंटना चार्जेस लागायला लागले आणि दीनदयाळसाठी 5 वर्षांचं वास्तव्य लागतं, ते खरंच आहे. पण टीबीचा कार्यक्रम राष्ट्रीय आहे, तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत, मग माणूस बिहारचा असो की बेळगावचा. शेजारच्या साइटवरची एक बाई महिनाभर खोकत होती, पदराला रक्त लागलं तरी "कार्ड नाही ना ताई" म्हणत पत्र्याच्या खोलीतच बसून राहिली, फार वाईट वाटलं. पोषणाचे महिन्याला 1000 रुपये मिळतात ते मात्र बँक खात्यात येतात, खातं नसेल तर उघडायला मदत करा, औषध त्यासाठी थांबत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरळ हेल्थ सेंटरला न्या, आणि गावाला जायचं असेल तर इथल्या हेल्थ सेंटरला आधी सांगायला लावा, पुढची औषधं गावच्या केंद्रात मिळतात, कोर्स मध्येच तुटत नाही.